चार तासांवरची लेक

माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. किती लांब, किती वेळ, हेच दिवसभर ऐकायचं. बारा हजार आठशे किलोमीटर, साडेचौदा तास, असं मी मान वर न करता सांगतो. पुन्हा विचारलं की डोकं फिरतं.

दुपारी दोनला एक मावशी आल्या. हातात गच्च भरलेली बॅग.

"सकाळी जायचं, संध्याकाळी परत. लेकीचं हे सामान तिच्या दारात ठेवायचं आणि आल्या पावली माघारी. तिच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही मला."

शहराचं नाव ऐकून मला हसूच आलं. "मावशी, ते काय पलीकडच्या गल्लीत आहे? साडेचौदा तास लागतात."

"मला बनवू नका. चार तास!" त्यांनी पर्समधून एक विरलेला कागद काढला. लेक पहिल्यांदा गेली तेव्हाचं तिकीट. सुटणार सकाळी अकराला, पोचणार दुपारी तीनला. तारीख एकच.

"अहो, हे तीन तिथल्या घड्याळाचे. ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ती उतरली तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता."

मावशी खुर्चीत बसल्या. बॅग मांडीवर घेतली.

"तिचे वडील गेले तेव्हा मी सकाळी सहाला फोन केला," त्या म्हणाल्या. "विमान मिळायला वेळ धरला तरी दुपारपर्यंत यायला हवी होती. सगळे संध्याकाळपर्यंत थांबले. ही आली दुसऱ्या दिवशी दहाला, सगळं उरकल्यावर. चार तासांवरून यायला तुला अख्खा दिवस लागतो, म्हटलं. ती काहीतरी सांगायला लागली, तर मी दार लावून घेतलं. सहा वर्षं झाली त्याला."

मला गप्प बसता आलं असतं. पण मी कागदावर हिशेब मांडलाच.

"अठ्ठावीस तास, मावशी. वाटेत विमान बदलत आली असणार. फोन ठेवल्या ठेवल्या निघाल्याशिवाय इतक्या लवकर पोचताच येत नाही."

त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"तिथे आता किती वाजलेत?"

"पहाटेचे साडेतीन."

"मग झोपू दे तिला."

आणि त्या तिथेच बसून राहिल्या. गिऱ्हाइकं आली, गेली. मी पाचला दुकान बंद करतो. एरवी कुणाला एक मिनिट जास्त बसू दिलं नसतं. पाच वाजले, साडेपाच वाजले, मी उगाच जुन्या फायली चाळत बसलो.

सहाला म्हणालो, "तिथे साडेसात वाजले."

नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे लगेच कुणीतरी फोन उचलला.

"अगं, मी बोलतेय," मावशी म्हणाल्या. मग बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"त्या दिवशी," त्या शेवटी म्हणाल्या, "वाटेत काही खाल्लं होतंस का गं?"