दोरीच्या गाठी

हौशीरामने पडवीच्या खांबांना बांधलेली दोरी सोडली, गुंडाळली आणि कचेरीच्या कपाटात कोंबली.

आज तुंगार्लीच्या अंधगृहाची सरकारी तपासणी होती. पडवी मोकळी हवी, असा नियम होता, आणि नियमांवरच अनुदान मिळे. ते सांभाळणं कारकून म्हणून हौशीरामचंच काम. पण खरं सांगायचं तर दोरी भागुबाईने बांधली होती, म्हणूनच ती आज सुटली.

झोपायच्या खोलीपाशी एक गाठ, स्वयंपाकघरापाशी दोन, मोरीपाशी तीन. गाठी चाचपत सगळे अंध बिनधास्त फिरत. घोंगड्यांसाठी, औषधांसाठी पुण्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे हौशीरामने, आणि दुवा घ्यायचा या सेविकेने! त्यांतले कोंडूआबा तिला नुसत्या पावलांवरून ओळखत. हौशीराम बोलला की मात्र दरवेळी विचारत, “कोन?” तेवढ्याने त्याचं दिवसभर डोकं फिरे.

“भाऊ, दोरी कुटं गेली?” भागुबाई विचारत आली.

“साहेब जाईपर्यंत बांधायची नाही. नियम आहे.”

“आन् मान्सं चालायची कशी?”

“तुझ्यावाचून चालतात का, ते बघू.”

ती वळून स्वयंपाकघरात गेली. त्याला बरं वाटलं.

साहेबांनी माठ पाहिले, अंथरुणं पाहिली. “चोख ठेवलंय सगळं,” म्हणाले. हौशीरामची छाती फुगली. मग साहेब म्हणाले, “सगळ्यांना बाहेर बोलवा.”

कोंडूआबा सर्वांच्या आधी निघाले. खोलीबाहेर येताच त्यांचा हात सवयीने दोरीकडे गेला आणि हवेतच राहिला. पुन्हा चाचपलं. काहीच नाही. दोरीच्या शोधात त्यांनी एक पाऊल बाजूला टाकलं. पडवीला कठडा नव्हता, खाली दगडी पायऱ्या होत्या.

साहेबांना तिथेच सोडून हौशीराम धावला. त्याने आबांच्या पंजाखाली आपलं मनगट दिलं. आबांनी ते घट्ट धरलं.

“कोन रं तू? भागूनं धाडलं न्हवं तुला?”

स्वतःचं नाव हौशीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर स्वयंपाकघराच्या दारात भागुबाई उभी होती. पिठाचे हात तसेच.

“व्हय आबा,” तो म्हणाला. “भागूनंच धाडलं.”