कोर्टाच्या फाटकावरची तापाची बंदूक

मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी कुणाला इजा करत नाही. मी ताप मोजणारी जुनी बंदूक आहे. साथीच्या दिवसांत कोर्टाच्या फाटकावर माझा केवढा दरारा होता!

कारखान्यात घाईघाईने माझी जुळणी झाली आणि मी थेट हवालदारबाईंच्या हातात आले. "हात धुवा, मास्क नाकावर घ्या, अंतर ठेवा. ज्याचं काम त्यानेच आत जायचं," असं बाई दिवसभर बजावायच्या. कोर्टात येणारे एकमेकांविषयी संशय घेऊनच यायचे. आता समोरच्याच्या श्वासाचाही संशय! कुणी शिंकलं की अख्खी रांग वळून बघायची.

एकदा वडिलांच्या घरावरून भांडणारे भाऊ-बहीण आले. भाऊ शिंपी होता. मी त्याचं कपाळ पाहिलं. आकडा ठीक होता.

"जा आत," बाई म्हणाल्या.

"थांबा!" मागून बहीण ओरडली. "दादाला ताप आहे. तापाची गोळी खाऊन आलाय तो. वहिनीने फोनवर सांगितलं मला."

बाईंनी मला झटकलं, पुन्हा रोखलं. आकडा तोच. "ताई, तारीख लांबवायचा डाव नाही ना हा?"

"डावच आहे," भाऊ म्हणाला. "मी घरी गेलो की ही आत सांगणार, भाऊ आलाच नाही, आणि निकाल हिच्या बाजूने लागणार."

मलाही बहिणीचाच संशय आला. माझा आकडा कसा चुकेल?

बहीण रांगेतून बाहेर आली आणि कठड्यावर जाऊन बसली. "मग मीही आत जात नाही. झालं समाधान?"

"आणि तुझा वकील?"

तिने फोन लावला. वकीलसाहेब कुरकुरत बाहेर येऊन उभे राहिले. भाऊ त्या दोघांकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे पडले. "सकाळीच घेतली गोळी," तो म्हणाला आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला बाहेर पडला. रांग झटकन मागे सरली.

बाईंनी आत कळवलं. कारकून निरोप घेऊन आला, "दोघांचं ऐकल्याशिवाय निकाल नाही. पुढची तारीख मिळेल." भाऊ तिथूनच दवाखान्यात गेला. तपासणीत त्याला साथीचाच आजार निघाला. आतल्या कोंदट दालनात त्या दिवशी किती म्हातारी माणसं बसली होती!

पुढच्या तारखेला तो वाळून आला. वाद मिटला नव्हता. तरी बहिणीने विचारलं, "बरा आहेस ना रे? खरं सांग."

"खरंच बरा आहे. विचार तुझ्या वहिनीला," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

साथ ओसरली. ज्यांनी माझं कौतुक केलं, त्यांनीच मला खणात टाकलं. पोटातले सेल पाझरून गंजले, डोळ्यावर धूळ बसली. मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं ठेवून देताना सेल काढा, काच मऊ कापडाने पुसा. आणि अंगात ताप असेल तर घरीच थांबा, विचारलं तर खरं सांगा. मला फक्त कपाळ दिसतं. पोटात गेलेली गोळी दिसत नाही.