कातड्याची पट्टी, हिरवी भिंत

सहकारनगरमधली त्यांची जुनी इमारत पाडून बिल्डरनं तिथं अकरा मजली इमारत बांधली. तोवर श्यामसुंदर आणि हेमा यांची तीन वर्षं वारज्याच्या भाड्याच्या घरात गेली. मार्चमध्ये नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली, त्याच दुपारी दोघं घर बघायला गेले.

सातव्या मजल्यावर श्यामसुंदरनं कुलूप काढलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या आणि मागं वळून पाहिलं. हेमा उंबऱ्यावरच उभी होती. तिनं एका हातानं चौकट धरली होती.

"ये ना आत. काय झालं?"

"काही नाही. फरशी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते कळेना."

फरशी पांढरी होती, चकचकीत. भिंती पांढऱ्या. बाल्कनीतून ऊन थेट आत येत होतं.

"डोळे दिपले असतील," श्यामसुंदर म्हणाला आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन आला. "उन्हातून आलीस ना."

हेमा भिंतीला हात लावत पुढं गेली.

तिला काचबिंदू होता. सहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब पडत होते. जानेवारीतल्या तपासणीच्या वेळी ती आतल्या अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसलेली असताना डॉक्टरांनी श्यामसुंदरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डाव्यात जे उरलंय ते फार तर वर्षभर टिकेल. रिक्षात बसल्यावर हेमानं विचारलं, "काय म्हणाले?" आणि श्यामसुंदर म्हणाला, "जैसे थे आहे. थेंब चुकवायचे नाहीत." त्यानंतर ते वाक्य त्याला मागं घेता आलं नव्हतं.

तो पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाला होता. नव्या घराचा नकाशा त्यानं आलेखाच्या कागदावर स्वतः काढला होता. कुठल्या खोलीला कुठला रंग, सोफा कुठं, देवघर कुठल्या भिंतीला, सगळं स्केचपेननं भरलेलं. तो कागद हेमाच्या पुढ्यात धरून तो उत्साहानं बोलत राही आणि ती मान डाव्या बाजूला थोडी वळवून, कागद नाकापाशी नेऊन बघत राही. तिनं सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. एके काळी चार बाकांवरून तिला चुकलेली टीप दिसायची.

एप्रिलमध्ये ते सातारा रस्त्यावरच्या एका टाइलच्या दुकानात गेले. हेमानं घरातून निघतानाच सांगितलं होतं, "मला मोझॅक बघायचंय." मोझॅक म्हणजे जुन्या घरात होत्या त्या ठिपक्यांच्या लाद्या नव्हेत, तर जाळीवर चिकटवलेले छोटे छोटे तुकडे. श्यामसुंदरला वाटलं, बाथरूमच्या भिंतीला नक्षी हवी असेल.

दुकानातल्या मुलीनं नमुने टेबलावर मांडले. श्यामसुंदर एकेक उचलून हेमासमोर धरू लागला. "हा बघ, निळा. मोरपिशी म्हणता येईल. आणि हा राखाडी."

"खाली ठेवायला सांगा," हेमा म्हणाली.

"खाली कुठं?"

"जमिनीवर."

मुलीनं नमुने ओळीनं जमिनीवर मांडले. हेमानं चपला काढल्या आणि पहिल्या नमुन्यावर पाय ठेवला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. डोळे मिटलेले. दुकानात आणखी दोन कुटुंबं होती, ती बघत राहिली. श्यामसुंदरला कानकोंडं झालं.

"हेमा, अगं लोक बघताहेत."

"बघू देत. गुळगुळीत आहेत हे सगळे. पॉलिश न केलेले आहेत का?"

होते. मुलीनं आतून काढून आणले. पाऊण तासानंतर हेमानं तीन निवडले. स्वयंपाकघराच्या दारापाशी एक इंचाचे चौकोन, बाथरूमशी बारीक गोल चकत्या, झोपायच्या खोलीशी लांबट, विटांसारखे. प्रत्येक दारात हातभर रुंदीचा पट्टा, बाकीच्या फरशीच्या पातळीत, वर आलेला नको.

"तीन दारांना तीन नमुने?" श्यामसुंदर म्हणाला. "दुकानातला उरलेला माल आणून लावलाय असं वाटेल. आणि रंग तर तू बघितलेसुद्धा नाहीस."

"रंग तुम्ही ठरवा."

तिनं चपला पायानं चाचपून घातल्या. रंग न बघता पायानं नमुने का निवडले, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दोन दिवसांनी जेवताना हेमानं दुसरी गोष्ट काढली. बैठकीच्या खोलीपासून आतल्या खोलीपर्यंतच्या बोळात भिंतीवर, हात सहज जाईल अशा उंचीवर, चामड्याची एक अखंड पट्टी हवी. दारांच्या मुठींनाही चामडं गुंडाळलेलं हवं.

श्यामसुंदरचा घास हातातच राहिला. "चामडं? देवघराच्या भिंतीवरून?"

"देवघराच्या आधी थांबवू आणि पुढं परत सुरू करू."

"पण चामडंच का? लाकडी पट्टी लाव. स्टीलचा दांडा मिळतो तयार."

"स्टीलचा दांडा लावला की घराचा दवाखाना होतो. तो थंड लागतो हाताला. लाकडाचं पॉलिश उडालं की कुसळं लागतात. चामडं हात लागून लागून चांगलं होत जातं."

"आपल्या घरात असलं कधी..."

"तुमच्या मनगटावर काय आहे?" हेमानं विचारलं. "जेवताना तरी काढून ठेवत जा मग."

त्यानं घड्याळाच्या चामडी पट्ट्याकडं पाहिलं आणि पुढं जेवू लागला.

भवानी पेठेतल्या एका गल्लीत दीनानाथ नावाच्या कारागिराचं छोटं दुकान होतं. पूर्वी त्यानं घोड्यांची खोगिरं शिवली होती, आता तो बॅगा आणि खुर्च्यांची कामं करायचा. वय साठीच्या पुढचं, बोटांची पेरं रुंद झालेली. हेमाचं म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं आणि उठून कातड्याचे तीन तुकडे आणून तिच्या हातात दिले. श्यामसुंदर दाराशीच उभा राहिला. दुकानात कमावलेल्या कातड्याचा दाट वास होता.

हेमानं तुकडे अंगठ्यानं दाबून पाहिले, दुमडून पाहिले, पालथ्या हातावरून फिरवले.

"हे शेळीचं असणार. मऊ आहे, पण पातळ. हे दुसरं वरून रंग मारलेलं आहे, हाताला नुसता रंग लागतो. हे तिसरं कशाचं?"

"म्हशीचं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. वरून काही मारलेलं नाही."

"हेच."

दीनानाथनं मान हलवली. थोडा वेळ तो तिच्या हातांकडं बघत होता. मग सरळ विचारलं, "बाई, किती दिसतं तुम्हाला?"

"दिसतं तिला," श्यामसुंदर दारातून म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच वाजवीपेक्षा मोठा वाटला. "थोडं कमी दिसतं, एवढंच. वयानुसार."

हेमानं हातातला तुकडा मांडीवर ठेवला.

"उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही," ती दीनानाथला म्हणाली. "डाव्यानं समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. तेही वर्षभर टिकलं तर टिकलं."

शब्द जवळपास डॉक्टरांचेच होते. श्यामसुंदरनं दाराच्या फळीला हात टेकला.

दीनानाथनं तिच्या मांडीवरचा तुकडा परत घेतला. मग त्यानं सुई उचलली. "मग खालच्या कडेला खुणा करू. स्वयंपाकघर आलं की दोऱ्याची एक गाठ, बाथरूमला दोन, झोपायच्या खोलीला तीन. बोट खालून गेलं की कळेल. बघणाऱ्याला दिसायच्या पण नाहीत."

"टीप कुठली घालाल?"

"खोगिराला घालतो ती. दोन सुयांची. एक टाका तुटला तरी बाकीची उसवत नाही."

"दाखवा," हेमा म्हणाली आणि बोटं पुढं केली.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात दोघं बसले. चहा आला. श्यामसुंदरनं कप उचलला नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच विचारलं. फेब्रुवारीत. तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होतात तेव्हा शेजारच्या सुरुचीला घेऊन मी गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिस्टरांना सांगितलंय की. त्यांना वाटलं मला माहीतच असेल. तिथंच एक बाई आहेत, स्वतः आंधळ्या. लोकांना पुढची तयारी शिकवतात. त्या म्हणाल्या, दिसतंय तोवर घर लावून घ्या. प्रत्येक दार पायाला वेगळं कळलं पाहिजे आणि हाताला धरायला काहीतरी सलग पाहिजे."

"दोन महिने तुला माहीत होतं. मग मला का नाही बोललीस?"

"रोज थेंब घालताना तुम्ही विचारायचात, आज बरं वाटतंय ना. इतकं जपून विचारायचात, की म्हटलं अजून थोडे दिवस जाऊ देत."

श्यामसुंदरनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मी घाबरलो होतो, हेमा."

"मीही घाबरले आहे," ती म्हणाली. "पण मला त्याबद्दल बोलायला घरात कुणी नव्हतं."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून ते त्याला जास्त लागलं. चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आणखी काय करायचं घरात?"

हेमानं विचार करायला वेळ घेतला नाही. तिनं ते केव्हाच ठरवलेलं असावं.

"सगळं हातापायांसाठी झालं. एक भिंत डोळ्यांसाठी पाहिजे. माझ्या खुर्चीसमोरची. त्याच बारीक मोझॅकची, पण रंगाची. हिरवा रंग. जेवढे हिरवे मिळतील तेवढे."

"चित्र काढतो मी. झाड, किंवा नदी..."

"चित्र नको. चित्र असलं की पुढं ते आठवत बसावं लागतं, इकडं फांदी होती की तिकडं. नुसता रंग द्या. वरून फिका, खाली गडद होत जाणारा."

पुढचे पंधरा दिवस श्यामसुंदर आलेखाचे कागद घेऊन बसला. शहरातल्या चार दुकानांतून त्यानं हिरव्याच्या अकरा छटा जमवल्या. वर कोवळ्या पोपटी, मधे शेवाळी, तळाशी जवळजवळ काळ्या होत गेलेल्या. एकेका तुकड्याची जागा कागदावर भरली आणि प्रत्येक जाळीच्या पाठीवर आकडा लिहिला. मिस्त्री भिंतीला तुकडे बसवत होता तेव्हा श्यामसुंदर तीन दिवस स्टुलावर बसून राहिला. एक ओळ उलटी लागली ती त्यानं सिमेंट ओलं असतानाच काढायला लावली. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमा आली. ती भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरांवर उभी राहून बघत होती. शेवटी एका जागी थांबून म्हणाली, "खुर्ची इथं ठेवा."

वास्तुशांत श्रावणात केली. मोजकीच माणसं बोलावली होती. जेवणं आटोपल्यावर श्यामसुंदरचे थोरले भाऊ अवधूत हात धुवायला आत गेले आणि बोळात थबकले.

"श्याम, हे चामडं आहे की काय?"

"हो दादा."

"घरात? आणि तेही देवघराला लागून? आजच होम केलास ना तू इथं?"

बैठकीतलं बोलणं थांबलं. हेमा पानं उचलत होती, तीही थांबली. श्यामसुंदर भावासमोर कधी मान वर करून बोलला नव्हता. आताही तो हळूच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हेमाची दृष्टी चाललीय दादा. थोड्या महिन्यांत तिला काही दिसणार नाही. ही पट्टी धरून ती घरात फिरेल. म्हणून लावलीय."

अवधूतांनी पट्टीवरून नजर हेमाकडं वळवली. "मला का नाही कळवलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. अवधूत हात धुऊन आले, पट्टीला स्पर्श न करता बोळातून परत बाहेर आले आणि थोड्या वेळानं निघाले. जाताना त्यांनी हेमाच्या डोक्यावर हात ठेवला. चामडं त्यांना पटलं नव्हतंच. नंतरही जेव्हा जेव्हा ते आले तेव्हा बोळातून अंग चोरूनच जायचे.

हेमा रोज सकाळी थेंब घालून झाले की खुर्चीत बसायची. भाद्रपदात तळाचा गडद हिरवा तिला वेगळा दिसेनासा झाला. दिवाळीला पोपटी आणि शेवाळी एक झाले. काय गेलं ते ती त्याला सांगायची आणि तो ऐकायचा. धीर द्यायला जायचा नाही. एवढं तो शिकला होता. दुपारी ती डोळ्यांना रुमाल बांधून घरभर फिरायची. सुरुवातीला टीपॉयवर आपटायची. मग टीपॉयच काढून टाकला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती नेहमीसारखी खुर्चीत बसली. श्यामसुंदर शेजारी पेपर वाचत होता.

"आज ढग आलेत का?" तिनं विचारलं.

श्यामसुंदरनं पेपर खाली घेतला. बाल्कनीतून आलेलं ऊन भिंतीवर पडलं होतं आणि सगळे हिरवे उजळले होते.

"नाही," तो म्हणाला. "ऊन आहे. भिंतीवरच आहे."

हेमानं मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं. पुन्हा समोर केली. त्यानंतर ती हालली नाही. श्यामसुंदरनं खुर्ची जवळ ओढली. ऊन भिंतीवरून सरकून फरशीवर आलं तोवर दोघं तसेच बसून होते.

"आज स्वयंपाक तुम्ही करा," शेवटी ती म्हणाली. "मला आज काही करायचं नाही."

त्यानं वरणभाताचा कुकर लावला. वरणात मीठ कमी पडलं. तिनं ते सांगितलं, वरून मीठ मागून घेतलं आणि दुसऱ्यांदा भात वाढायला लावला.