एकसष्टावी

आत्या चौथ्यांदा उठून खिडकीशी गेली, तेव्हा अध्यक्षांनी विचारलंच, "खुर्चीला काटे आहेत का हो?"

आत्या एके काळची धावपटू. स्टेडियमच्या भिंतीवर कुठल्या थोर खेळाडूंचे फोटो लावायचे, ते ठरवणाऱ्या पाच जणांपैकी ती एक. पाचही सह्या झाल्या तरच फोटो लागे. सायकल शर्यतवाला एकही नव्हता त्या भिंतीवर. "बसून खेळायचा कसला खेळ," असं म्हणण्यात आत्याच सगळ्यांच्या पुढे.

गेल्या महिन्यात मात्र ती भाचीची सायकल शर्यत बघायला चढावर उभी राहिली आणि तिची बोलतीच बंद झाली. भाची समोरचा वारा अंगावर घेत चढत होती. तिच्या मागच्या चाकाला चिकटून, तिच्याच आडोशाने त्यांच्या संघाची कप्तान येत होती. माथ्यावर भाचीच्या पायांतलं सगळं संपलं. ताजी कप्तान पुढे निघून पहिली आली. भाची एकसष्टावी.

आज बैठकीत हे सगळं सांगून तिनेच सायकलवाल्यांचा आग्रह धरला होता. "पटलं बुवा तुमचं," पाचांतले कुस्तीचे मास्तर म्हणाले. "पाच तास असं झगडायचं म्हणजे आमच्या पैलवानांना धाप लागेल. लावा फोटो."

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. चार सह्या झालेल्या. नाव कप्तानचं.

"आणि आमची बारकी?" आत्याने विचारलं.

"एकसष्टावीचा फोटो लावला तर लोक हसतील. त्यातून भाची तुमची."

आत्याला ते झोंबलं, कारण खोटं नव्हतं. "भाची राहू द्या बाजूला. चढावर वारा कुणी अंगावर घेतला, तेवढी एक ओळ फोटोखाली घाला. मग करते सही."

"असा पायंडा पाडता येत नाही, ताई. सही नसेल, तर यंदाही सायकलवाला नाही."

आत्याने पेनाला टोपण लावलं. कप्तानचा बिचारीचा काय दोष, हे मनात टोचत असतानाच लावलं. मग जिन्यातूनच भाचीला फोन केला.

"तिचाही नाही, तुझाही नाही. मीच अडवलं."

"अगं, लावायचा ना तिचा," भाची म्हणाली. "खरं सांगू? लावला असता तर मला वाईट वाटलं असतं. पण उद्या सरावाला तीच माझ्या मागे असणार. तिला काय सांगू, आत्या?"

फोन कानाला तसाच ठेवून ती पायऱ्या उतरत राहिली.