पाने उघडणारी सुरी

मी एक जुनी सुरी आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्याने काकडीसुद्धा चिरली जात नाही. मी म्हशीच्या शिंगाची, वीतभर लांब, आणि धार म्हणाल तर नावापुरती. जन्मभर मी एकच काम केले. नव्या पुस्तकांची पाने उघडली.

पाने उघडायला सुरी कशाला, असे तुम्ही विचाराल. तुमची पुस्तके छापखान्यातूनच गुळगुळीत कापून येतात, म्हणून तुम्हाला तसे वाटते. माझ्या तरुणपणी कैरोत तसे नव्हते. मोठा कागद छापायचा, त्याच्या घड्या घालायच्या, शिवायचा आणि घड्या मिटलेल्या तशाच ठेवून विकायचा. वाचणाऱ्याने एकेक घडी कापत पुढे जायचे. त्यामुळे कोणी कुठवर वाचले हे लपत नसे. मोठमोठ्या साहेबांच्या कपाटांत जाडजूड ग्रंथ विसाव्या पानावर थांबलेले असत. नावे सांगत नाही.

मला एका फण्या करणाऱ्या म्हाताऱ्याने घडवले. खरे तर मी फणीच होणार होते, पण शिंग मध्येच तडकले आणि दात पाडता येईनात. त्याने मला फेकून न देता घासले, तेल लावून चकचकीत केले आणि दारात टांगले. मला इन्साफबाईंनी विकत घेतले. त्यांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. नवरा चमच्याच्या दांड्याने पुस्तक उघडत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्या म्हणाल्या, "अहो, वाचताय की कोंबडी सोलताय?" दुसऱ्या दिवशी मी घरात आले.

नवऱ्याचे नाव लबीब. सगळे त्यांना उस्ताद, म्हणजे मास्तर, म्हणत. ते शाळेत शिकवत आणि दर शुक्रवारी वर्तमानपत्रात नव्या पुस्तकांवर लिहीत. दर आठवड्याला टपालाने चार पुस्तके येत. एक कादंबरी, एक कुणाच्या तरी आठवणींचे, एक कवितांचे आणि एक मुलांच्या गोष्टींचे. मी सगळ्यांच्या पोटात शिरून आले आहे. कवितेचा कागद जाड आणि पाने थोडी, ते काम चहा निवायच्या आत आटपे. कादंबरीचा कागद स्वस्त, फार कोंडा पाडणारा. कापताना कागदाचा बारीक भुसा पडतो, त्याला आमच्या घरात कोंडा म्हणत. इन्साफबाई रोज सकाळी तो झाडत आणि रोज पुटपुटत, "तुमच्या साहित्याने माझा झाडू झिजला."

अशी बावीस वर्षे गेली. त्यांची लेक समीहा लग्न होऊन मिन्याला गेली. मग दोघे एकमेकांना अबू समीहा आणि उम्म समीहा, म्हणजे समीहाचे बाबा आणि समीहाची आई, एवढेच म्हणू लागले. मी एका बाजूने झिजले, कारण उस्ताद मला नेहमी डावीकडे ओढत. तरी मला माझा फार अभिमान होता. कैरोच्या आमच्या शुब्रा भागात माझ्याइतकी वाचलेली सुरी दुसरी नव्हती.

मग एका उन्हाळ्यात काहीतरी बिनसले. उस्तादांनी मला हातात घेतले, दोन घड्या कापल्या, पान जवळ धरले, लांब धरले, खिडकीशी नेले. मग पुस्तक मिटले आणि मला खाली ठेवले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला कामाला लावलेच नाही. इन्साफबाई चहा घेऊन आल्या की तेवढ्यापुरते मला उचलायचे आणि तळहातावर टपटप वाजवत विचारात असल्यासारखे बसायचे. मला त्या नाटकात काम करायची लाज वाटे.

त्यांना दिसेनासे झाले होते. समोरचा माणूस धुरातून आल्यासारखा दिसे. त्यांच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते, आधी धूर आणि मग कायमचा अंधार. आपलेही तेच होणार हे उस्तादांनी मनाशी धरून टाकले. डॉक्टरकडे गेले तर तो ते तोंडावर सांगेल. वर्तमानपत्राला कळले तर स्तंभ जाईल. म्हणून ते गप्प राहिले.

पण स्तंभ मात्र दर शुक्रवारी छापून येत होता! कसा म्हणता? आमच्याकडच्या पुस्तकांत अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते आणि शेवटचे पान उघडायला सुरी लागत नाही. उस्ताद गच्चीच्या उन्हात जाड भिंग घेऊन प्रकरणांची नावे तेवढी वाचत आणि उरलेले मनाने रचत. कादंबरीबद्दल लिहीत, "शेवट जरा घाईचा वाटतो." कवितांबद्दल लिहीत, "काही कविता लांबल्या आहेत." मुलांच्या पुस्तकाची चित्रे त्यांच्या लेखात नेहमी मोहक असत. अशा लिहिण्याला कोण हरकत घेणार? आठ महिने कोणी घेतली नाही.

आणि मग फिकरियाबाईंचे पुस्तक आले. या बाई तीस वर्षे नाईलकाठच्या खेड्यांत दाई होत्या आणि त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यात एका प्रकरणाचे नाव होते 'मबरूकला निरोप'. उस्तादांनी भिंग खाली ठेवले, सुस्कारा टाकला आणि लिहिले, "पतीच्या निधनाचे प्रकरण वाचताना आमचे डोळे पाणावले."

शुक्रवारी ते छापून आले. सोमवारी सकाळी दार वाजले.

इन्साफबाई हात पुसत गेल्या. दारात एक धिप्पाड बाई उभी होती, हातात वर्तमानपत्राची सुरळी. "मी फिकरिया. उस्ताद लबीब आहेत का घरात?"

इन्साफबाईंचा चेहरा लगेच पडला. "या हो, या. वाचलं मी. देव तुमचं आयुष्य वाढवो. फार वाईट झालं. कधी गेले?"

"आत्ता जिना चढतायत," फिकरियाबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात त्यांचे."

मागून धापा टाकत एक बारकेसे म्हातारे गृहस्थ वर आले. त्यांनी कठड्याला धरून श्वास घेतला आणि हात छातीवर ठेवला. "सलाम. मी हाजी शहाता. मेलेला तो मीच."

 इन्साफबाईंनी दोघांना आत आणले. उस्ताद टेबलाशी उभे राहिले. त्यांच्या तोंडचे पाणी पळालेले मला स्पष्ट दिसत होते.

"शुक्रवारपासून घरात रांग लागलीय," हाजी शहाता सांगू लागले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि मजाच जास्त होती. "लोक दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे साखर घेऊन येतात, गळ्यात पडायला पुढे होतात, आणि मी दार उघडतो. माझा भाऊ तंटा शहरातून आला. मला बघून जिन्यातच कोसळला. अजून आमच्याकडे अंथरुणावर आहे. दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी पिऊन पिऊन माझं पोट बिघडलं, उस्ताद. स्वतःच्या दुखवट्यात एवढं कोणी प्यायलं नसेल."

"तुम्ही थांबा हो," फिकरियाबाई नवऱ्यावर डाफरल्या आणि उस्तादांकडे वळल्या. "मबरूक माझं गाढव होतं! एकोणीस वर्षं रात्री-अपरात्री त्यानं मला बाळंतिणींकडे नेलं. दाखवा मला, कुठल्या पानावर माझे यजमान मेले ते. नाहीतर मी इथून सरळ तुमच्या संपादकाकडे जाते."

उस्तादांनी टेबलावर हात फिरवला, एक पुस्तक उचलले आणि मोठ्या ऐटीत पुढे केले.

"हा कवितासंग्रह आहे," फिकरियाबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच आपले पुस्तक शोधले. माझ्या शेजारीच होते ते. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकही घडी कापलेली नव्हती. मित्रांनो, त्या वेळी दौतीच्या मागे लपायला मला पाय असते तर किती बरे झाले असते! बावीस वर्षांची माझी कमाई त्या अंगठ्याखाली संपली असे मला वाटले. उस्तादांना तर त्याहून भयंकर वाटत असणार. ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीत पडले.

"वाचलं नाही मी," ते हळूच म्हणाले. "मला दिसत नाही. आठ महिने झाले. जायचं तर जा संपादकांकडे, तुमचा हक्कच आहे."

 फिकरियाबाईंनी पुस्तक ठेवले, पुढे होऊन उस्तादांची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवले. परक्या बाईने असे धरलेले पाहून उस्ताद चपापले, पण त्या हाताने शेकडो पोरे जगात आणली होती आणि त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"डोळ्यात दुखतं?"

"नाही."

"उजेडाकडे बघा. उजेड कळतो?"

"कळतो. धुरकट."

"वडिलांचेही असेच गेले का?"

उस्ताद दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"एवढं घाबरलेला माणूस घरातलं काहीतरी बघून घाबरलेला असतो. त्यांना कोणी दाखवलं होतं डॉक्टरला?"

"नाही. गावात कुठला डॉक्टर."

"मग?" फिकरियाबाईंनी हनुवटी सोडली. "मोतीबिंदू आहे हा. पार पिकलाय, पांढरा दिसतोय मला इथून. मी दाई आहे, डोळ्यांची डॉक्टर नाही. पण माझ्या आईचा काढला, सासूचा काढला, अख्ख्या गावाच्या म्हाताऱ्या मी दवाखान्यात नेल्यात. काढला की दिसतं, उस्ताद. उद्या सकाळी आठला दवाखान्याच्या दारात या. मी येते."

 उस्तादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि ते लहान मुलासारखे रडले. दुःखाने नव्हे. आठ महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

इन्साफबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"आठ महिने केरात कोंडा नाही, अबू समीहा. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. रोज बघत होते." आणि त्या रागारागाने आत निघून गेल्या, पाहुण्यांना जेवायला वाढायला. हाजी शहातांनी मुलूखियाच्या पातळ पालेभाजीत भाकरी बुडवून तीनदा मागून घेतली आणि मेल्यापासून इतके चांगले जेवलो नाही असे सांगितले.

त्याच दुपारी उस्तादांनी पुढच्या स्तंभाचा मजकूर सांगितला आणि इन्साफबाईंनी तो लिहून घेतला: "वाचकहो, गेल्या शुक्रवारचे पुस्तक मी वाचलेले नव्हते. आठ महिन्यांतले एकही वाचलेले नाही. मला दिसत नव्हते आणि ते सांगायची हिंमत नव्हती. हाजी शहाता हयात आहेत."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याने तपासून शस्त्रक्रियेची पुढची तारीख दिली, पण आता स्तंभ जाणार याची उस्तादांना खात्री होती. दोन दिवस ते पायरीवरच्या प्रत्येक पावलाला दचकत होते. तिसऱ्या दिवशी संपादक स्वतः तीन मजले चढून आले. म्हणाले, "उस्ताद, बावीस वर्षांत तुमचा मजकूर मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. बरे होईपर्यंत वहिनींनी वाचायचं, तुम्ही ऐकायचं आणि मग लिहायचं. फक्त कापून वाचा म्हणजे झालं." संपादकांची पाठ वळल्यावर उस्तादांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, कारण पुढच्याच क्षणी इन्साफबाईंनी मला उचलले.

त्यांचा हात मला नवा होता. त्या उजवीकडे ओढत आणि माझी न झिजलेली बाजू कामाला येई. आधी मागची सगळी पुस्तके उघडायची असे ठरले. मुलांच्या गोष्टींचे एक पुस्तक उघडून इन्साफबाई म्हणाल्या, "अहो, मोहक चित्रं कुठायत? यात तर एकही नाही." उस्ताद कान पकडून बसले. मग मबरूकचे प्रकरण आले. फिकरियाबाईंची शहरात बदली झाली, त्या बसमध्ये चढल्या आणि ते म्हातारे गाढव कालव्याच्या पुलापर्यंत बसमागे धावत आले. तिथे इन्साफबाईंना पुढे वाचवेना.

"मी यावर काय लिहून बसलो!" उस्ताद म्हणाले. "गाढव मी."

"त्या बिचाऱ्या गाढवाला कशाला नावं ठेवता?" डोळे पुसत इन्साफबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात उस्तादांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर हलू न देता ठेवले होते म्हणे. मी तिथे नव्हते. उस्ताद घरी आले तेव्हा त्यांच्या नाकावर बोटभर जाडीच्या भिंगांचा चष्मा होता. दारातच थांबून ते बायकोकडे बघत राहिले.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा," त्या म्हणाल्या, आणि मग दोघेही हसले.

मित्रांनो, आता पुस्तके कापूनच येतात. मला काम नाही आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही, कधीतरी हातात घेऊन तेलाचे बोट फिरवले तरी पुरे. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी पुस्तक लांब धरून बघत असेल, वर्तमानपत्र न उलगडता बाजूला ठेवत असेल, तर त्यांना विचारा. ते सांगतील म्हणून वाट बघत बसू नका. आणि कधी तुम्हालाच जमेनासे झाले, तर लाजू नका, सांगून टाका. सांगायला उशीर झाला म्हणून आठ महिने या घरातली दोन माणसे एकाच खोलीत एकेकटी बसली होती, ते मी पाहिले आहे.

एका दुपारचे सांगते आणि थांबते. टपालाने नवी पुस्तके आली होती. उस्तादांनी गोष्टींचे पुस्तक घेतले, मला घेतले, आणि इन्साफबाईंना म्हणाले, "उम्म समीहा, पाय वर घेऊन पड. आज मी वाचतो." एकेक घडी कापत ते वाचू लागले, प्रत्येक ओळ चष्म्याने चाचपत, अगदी हळू. इन्साफबाई डोळे मिटून हं, हं म्हणत होत्या. थोड्या वेळाने हं थांबले. उस्ताद आणखी दोन पाने वाचत गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ती दोन पाने परत मागे उलटली, इन्साफबाईंनी शेवटचे हं म्हटले होते त्या ओळीवर मला आडवे ठेवले आणि पुस्तक मिटले.