चालत्या प्रार्थनाघराचे पाय

मी एक जुने, बांबूचे प्रार्थनाघर आहे. मित्रांनो, घरे जन्मभर एकाच जागी उभी असतात, असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र पुष्कळ चालले आहे. स्वतःच्या पायांनी नव्हे, माणसांच्या खांद्यांवरून.

फिलिपिन्समधल्या पानाय बेटावर, नदीच्या काठी माझा जन्म झाला. लोला इस्तांग, म्हणजे आमची इस्तांगआजी, तेव्हा नवी नवरी होती. तिने बांबू तोडले आणि तिच्या नवऱ्याने ते वेताने बांधले. त्याच्या हाताच्या गाठी अजून माझ्या अंगावर आहेत. तो मात्र केव्हाच देवाघरी गेला. माझे खांब जमिनीत पुरलेले नव्हते, सपाट दगडांवर टेकलेले होते. आमची नदी काठ खाते. ती जवळ आली की गावकरी माझ्या तळाशी लांब बांबू बांधत आणि मला उचलून काठापासून आत, दूर नेऊन ठेवत.

"पुढच्यांनो, वरातीत निघालात का? जरा पाय उचला," मागून कुणीतरी ओरडे.

"तू मागे उचलतोयस की लोंबकळतोयस, ते सांग आधी."

मग आलं घातलेली गरम पेज सगळे मिळून पीत.

गेल्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या एका चर्चची तरुण मंडळी सेवेसाठी आली. मला त्यांचे भारी कुतूहल वाटे. आमची माणसे सावली शोधत, ही मुद्दाम उन्हात बसत. कोंबडीला पाय लागला तरी तिची माफी मागत. आमची गाणी चुकतमाकत म्हणताना त्यांचे डोळे का भरून येत, हे मला कधी कळले नाही.

एके सकाळी त्यांचा प्रमुख, ब्रदर रॉस, माझे खांब हलवून पाहू लागला. "लोला, हे तर नुसतं दगडांवर उभं आहे. वादळात उडेल. आम्ही पाय सिमेंटमध्ये पक्के करून देतो," तो आमच्या भाषेत अडखळत म्हणाला.

लोलाने सुतार बेर्तोकडे पाहिले. बेर्तोने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. पाहुण्याला नाही म्हणणे आमच्याकडे कुणाला जमत नाही.

"फार छान, बाळा," लोला म्हणाली. "आधी जेवून घ्या."

रॉस गेल्यावर बेर्तो कुजबुजला, "लोला, तुम्ही हो म्हणालात?"

"मग तू बोलायचं होतंस. तोंडात खिळे धरले होतेस का? पोरं समुद्र ओलांडून आलीत. त्यांचं मन कसं मोडू?"

माझ्या पायांभोवती ओतलेल्या ओल्या सिमेंटवर त्या मुलांनी आपल्या हातांचे ठसे उमटवले आणि ती आनंदाने घरी गेली.

पावसाळ्यात नदी आली. बांबू बांधले गेले, खांदे लागले, पण मी हलले नाही. एक बांबू कडकन मोडला. काठाची ढेकळे पाण्यात कोसळत होती. लोला नवऱ्याने बांधलेल्या गाठीवर हात ठेवून उभी होती.

"पाय कापावे लागतील," बेर्तो म्हणाला.

"मग काप. वाट कसली बघतोस?"

करवत फिरली, तेव्हा मला दुखले की नाही, हे अजूनही सांगता येत नाही. मला खांद्यांवर घेतले गेले. मागे हातांचे ठसे एकेक करून पाण्यात गेले. लोला ते पाहत राहिली.

या वर्षी रॉस पुन्हा आला. माझ्या आखूड पायांकडे तो बराच वेळ बघत राहिला. लोलाने त्याला खाली बसवले आणि सगळे सांगितले.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू किती खुशीत होतास, बाळा."

त्याने माझ्या कापलेल्या खांबावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आता मी काय करू?"

नदी अजून दूर होती. तरीही गावाने मला उचलले, थोडे पुढे नेले आणि परत आणून ठेवले. केवळ त्याला शिकवण्यासाठी.

"गुडघे वाकव, उंटा," बेर्तो ओरडत होता. "नाहीतर सगळं चर्च तुझ्याच मानेवर येईल."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी अवश्य घ्या. पण हात लावण्याआधी, ती वस्तू कशी जगते हे तिच्या माणसांना विचारा. आणि तुम्हालाच कुणी प्रेमाने असे विचारले, तर जेवायला वाढण्याआधी खरे सांगा. माझे पाय अजून थोडे उरले आहेत.