झेंडूची माळ माझ्या गळ्यात

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे. पळसदरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं गाव आहे. तिथल्या मनोजच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी बसलेलो असतो. माझ्यात पाणी नाही, ताक नाही, लोणचंही नाही. माझ्या पोटात वाळू आहे, वाळूत एक छोटं मडकं आहे आणि त्या छोट्या मडक्यात औषधाच्या बाटल्या आहेत. असलं काम मडक्याच्या वाट्याला सहसा येत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्याचा बरीच वर्षं तोरा होता.

मला बुधाजी कुंभाराने घडवलं. चाकावर फिरवलं, थापून थापून गोल केलं, भट्टीत भाजलं आणि टिचकी मारून माझा आवाज ऐकला. मग त्याने मला कर्जतच्या बाजारात आणून मांडलं. कुणाच्या तरी घरी उन्हाळ्यात गार पाणी पाजावं, एवढंच माझ्या मनात होतं. पण मला विकत घेतलं एका घाबरलेल्या बाईने. "यात औषध गार राहील ना, दादा?" तिने विचारलं. बुधाजी तिच्याकडे बघतच राहिला.

ती बाई म्हणजे मनोजची बायको सुप्रिया. त्यांची मुलगी अक्षदा तेव्हा दुसरीत होती. ती एकाएकी वाळत चालली होती, सारखं पाणी मागायची आणि एक दिवस शाळेतच कोसळली. दवाखान्यात कळलं, की तिला टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. हे गोड खाल्ल्याने होत नाही आणि त्यात कुणाची चूकही नसते. पण इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यावं लागतं, रोज, तीन-चार वेळा, जन्मभर. शिवाय ते गार जागी ठेवावं लागतं. मनोजच्या घरी फ्रिज नव्हता आणि असता तरी पावसाळ्यात गावातली वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे. तेव्हा दवाखान्यातल्या फराह सिस्टरने सुप्रियाला ही मडक्यात मडकं ठेवायची युक्ती शिकवली. मधली वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वरून ओलं फडकं टाकायचं, की आत गारवा राहतो.

झालं! त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. मनोज खालापूरला एका कंपनीत कामाला जायचा. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यासाठी नदीची वाळू चाळून आणायचा. सुप्रिया शेतावरून आली की चूल पेटवायच्या आधी माझ्या अंगावर हात ठेवून ओल बघायची. शेजारची पोरं खेळत खेळत जवळ आली तर "ए, मडक्याला हात लावू नका रं!" असा ओरडा बसायचा. एकदा फराह सिस्टर घरी आल्या आणि त्यांनी मोबाइलवर माझा फोटो काढला. "सुप्रियाताई, मडकं ठेवावं तर तुमच्यासारखं," त्या म्हणाल्या. सुप्रियाचा चेहरा फुलला. माझं तर विचारूच नका.

अक्षदा दाराशी उभी होती. टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं राठ झाली होती. तिच्याकडे त्या दिवशी कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला शाळेला सुट्टी असते. अक्षदाच्या कामाला सुट्टी नव्हती. जेवणाआधी बोट टोचायचं, साखर बघायची, भाकरी किती आणि भात किती याचा मनात अंदाज बांधायचा आणि सुई घ्यायची. लग्नाला गेली तरी तेच, तापाने फणफणली तरी तेच. आणि सगळं नीट करूनही साखर कधी चढायची, कधी उतरायची. उतरली की तिचे हातपाय कापायचे. चढली की मनोज विचारायचा, "काय खाल्लंस गं चोरून?" तिने काहीच खाल्लेलं नसायचं. लहान होती तेव्हा ती रडायची. मोठी झाल्यावर गप्प बसू लागली. घरात सगळे म्हणाले, पोरगी समजूतदार झाली.

ती बारावीत गेली, तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं. ती फडकं उचलायची, बाटली काढायची, हातात धरून भिंतीला टेकून बसायची आणि बाटली तशीच परत ठेवायची. पोटातली वस्तू हलकी झाली की नाही, एवढं मडक्याला कळतंच. बाटली हलकी होत नव्हती. आधी ती दुपारची सुई चुकवायची, मग संध्याकाळचीही.

"सुई घेतलीस काय गं?" चुलीपासून सुप्रिया विचारायची.

"घेतली."

"बरं."

आणि सुप्रिया उठून माझी वाळू चाचपायची. अगं बाई, मी अगदी ठणठणीत आहे, पोरीकडे बघ, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मडक्याचं कोण ऐकणार?

आमच्या घरी दसऱ्याला अवजारं पुजतात. विळे, कोयते, नांगराचा फाळ, मनोजची मोटारसायकल. त्या दसऱ्याला सुप्रियाने मलाही हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. "तुझ्यामुळंच माझी पोर जगली," असं म्हणून तिने हात जोडले. माझ्या पोटात तेव्हा भरलेली बाटली होती. आदल्या दिवसापासून अक्षदाने एकही सुई घेतली नव्हती.

ती पलीकडे तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. "ऊन लई हाय, तहान लागणारच," सुप्रिया म्हणाली. अक्षदाला उलटी झाली तेव्हा, पित्त झालं असेल, असं तिला वाटलं. मग पोरीला धाप लागली, तिच्या तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येऊ लागला, हाक मारली तरी ती ओ देईना. मनोजने शेजाऱ्याचा टेंपो काढला आणि सगळे तिला घेऊन दवाखान्यात धावले. रिकाम्या घरात मी गळ्यात माळ घालून बसलो होतो. मला माझीच लाज वाटत होती.

अक्षदा वाचली. बऱ्याच दिवसांनी घरी आली, तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला होता. सुप्रियाचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि ती माझ्याशेजारीच मटकन बसली.

"का केलंस गं असं? आमी काय कमी केलं काय तुला?"

"नाय गं. मी दमले."

"एवढ्याशा सुईला?"

"सुईचं काय नाय, आई. हे कधी संपतच नाय. आज केलं तरी उद्या हायच, परवा हायच."

"मग बोलायचंस ना मला!"

"कधी बोलू? तू घरात आलीस की आधी मडक्याला हात लावायचीस."

सुप्रियाचा हात अजून माझ्यावरच होता. तिने तो हळूच काढून घेतला आणि ती रडू लागली.

पुढच्या आठवड्यात फराह सिस्टर आल्या. या खेपेला त्या माझ्याकडे न बघता अक्षदाजवळ जाऊन बसल्या. "हा आळस नाही, सुप्रियाताई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एकटीने ओढलं की माणूस थकतंच. पुष्कळांना होतं असं. रागावू नका, कामं वाटून घ्या." आता सकाळची सुई सुप्रिया देते. साखर चढली तर मनोज चोरीचं विचारत नाही, "बरं, आता काय करूया?" म्हणतो. साखर अजूनही चढते, उतरते. हा आजार जाणारा नाही आणि अक्षदाचा कंटाळाही पुरता गेलेला नाही. पण आता ती तसं बोलून दाखवते. हे आधीच झालं असतं तर किती बरं झालं असतं! गप्प राहून तिने एकटीने ओढली, ती वर्षं आता तिला कोण परत देणार?

परवा संध्याकाळी सुप्रिया पाणी घेऊन माझ्याकडे येत होती. "आई, आज नको वाटतंय सगळं," अक्षदा म्हणाली. सुप्रियाने पाणी खाली ठेवलं आणि ती लेकीपाशी बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मग सुप्रियानेच तिला सुई दिली. माझी वाळू तशीच राहिली आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी फार घेतली गेली. तुमच्या घरात, वर्गात कुणी रोज न चुकता असं काही सोसत असेल, तर औषध घेतलंस का, एवढंच विचारून थांबू नका. दमलीस का, असंही विचारा. आणि ती हो म्हणाली, तर लगेच दुसऱ्या कामाला उठू नका. तिच्याजवळ बसा.